वाकडी बोटं

वनमाला राऊळ हिला रिकामं बसता येत नसे. हे मी कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतो आहे. मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत कुणाची बाळंतीण असो, कुणाकडे सत्यनारायण असो, ही न बोलावता पदर खोचून हजर. शेजारणीने मेथी निवडायला घेतली की बोलता बोलता अर्धी जुडी हिचीच निवडून व्हायची. नवरा गिरणीत होता तोवर तिने डबे केले, गिरणी बंद पडल्यावर जास्त डबे केले, नवरा गेल्यावर त्याहून जास्त. त्या डब्यांवर मुलगी उजवली आणि मुलगा शिकवला. दुसऱ्याच्या हातचं काम तिला पसंत पडत नसे, आणि तसं ती तोंडावर सांगतही असे.

मुलगा म्हणजे नितेश. पवईच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. चार वर्षांपूर्वी ऑफिसातली मंडळी सुट्टीला मनोरीला गेली, मार्व्याहून फेरीबोटीने पलीकडे. नितेशचं मूळ गाव मालवणजवळ, त्यामुळे पाण्याची भीती नाही, आणि घात झाला तो तिथेच. भीती नसलेला माणूस ओहोटी बघत नाही. त्याने खडकावरून सूर मारला. पुरुषभर पाणी असेल असं वाटलं तिथे ते जेमतेम गुडघाभर होतं.

मान मोडली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण मज्जारज्जूला इजा झाली होती. छातीखालचं शरीर गेलं ते गेलंच. खांदे हलायचे, कोपर दुमडायचं, मनगट वर उचलता यायचं. अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला स्पर्शही कळायचा. पण बोट एकही हलायचं नाही. आधी ऑफिसातले मित्र फुलं घेऊन यायचे, मग नुसते यायचे, मग फोन करायचे. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, जगाची रीतच आहे.

आता वनमालेला काम मिळालं. असं म्हणणं क्रूर वाटेल, पण खरं आहे. सकाळी दात घासण्यापासून रात्री कुशीवर वळवण्यापर्यंत नितेशचं सगळं ती करायची. भरवायची तर अशी, की पाहणाऱ्याने बघत राहावं. बांगड्याचा एकेक काटा बोटांनी चाचपून काढायची, भातात कालवण कालवायची, घास वळायची आणि त्याच्या तोंडाशी न्यायची. आपल्याकडे माया म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात घास घालणं. तो माणूस तीस वर्षांचा असला तरी आपल्याला त्याचं काही वाटत नाही. नितेशला वाटायचं. तो घास घेताना डोळे मिटून घ्यायचा, आणि आईला वाटायचं, चव लागतेय.

तिच्या मनात एक भीती होती आणि ती भीती ती कुणापासून लपवत नव्हती. दुधवाल्यालासुद्धा तिने ती सांगितली होती. "मी आसंय तवसर ठीक आसा रे. मी गेल्यार ह्येका कोण भरवतलो?" डब्यांनी गुडघे गेले होते, साखर वाढली होती, पोटात अधूनमधून कळ यायची. ती मरायला घाबरत नव्हती. आपल्या मागे नितेश ताटासमोर उपाशी बसेल, याला ती घाबरायची.

या सगळ्यात दुपारचा एक कार्यक्रम असायचा. खोबरेलात लसूण घालून ते कढवायचं, कोमट झालं की नितेशच्या हातांना चोळायचं. मग त्याचं मनगट मागे वळवून धरायचं आणि एकेक बोट ताणून, अगदी पोळपाटासारखं सपाट होईपर्यंत सरळ करायचं. गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्या आतेने सांगितलं होतं, की बोटं आखडू देऊ नकोस, एकदा वाकडी झाली की हात कायमचा गेला. वनमालेने ते वेदवाक्य मानलं. ताप असो, सण असो, दुपारचं तेल चुकलं नाही. शेजारची माधुरी म्हणायची, "मावशी, हात बघा ना त्याचे, लोण्यासारखे ठेवलेत तुम्ही." वनमालेच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत जे काय हसू यायचं ते एवढ्यापुरतंच.

घाटकोपरच्या एका ट्रस्टचा पत्ता माधुरीनेच आणला. मणक्याला इजा झालेल्या लोकांना हा ट्रस्ट थेरपीचा खर्च द्यायचा, आधी सहा महिन्यांपुरता. त्यांचे केयूर दोशी घरी येऊन माणूस बघून जायचे. माधुरीने बातमीसोबत सल्लाही दिला. "जास्त बरं दाखवू नका हां. बरं दिसलं की पैसे कट." वनमालेला हे लगेच पटलं. तिने शोकेसमधल्या बाहुल्या उचलून ठेवल्या, भिंतीवरच्या टीव्हीवर चादर टाकली, स्वतः विटलेलं लुगडं नेसली आणि केयूरभाई दारात दिसताच डोळ्यांना पदर लावला.

"आये, नाटक बंद कर," नितेश चाकांच्या खुर्चीतून म्हणाला.

केयूरभाईंनी चादरीखालच्या टीव्हीकडे एकदा पाहिलं आणि न हसता बसले. "मावशी, मी काय रडणं बघायला नाय आलो. रडणं सगळ्या घरी आहे. हा छोकरा काय करायला मागतो, ते मला सांगा."

"चलाक व्हया त्येका," वनमाला म्हणाली.

"त्याला बोलू दे ना."

चालणं होणार नाही, हे नितेशला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आईलाही सांगितलं होतं, पण तिने ते ऐकलं नव्हतं. मग तो म्हणाला, "मला माझ्या हाताने जेवायचंय. चमच्याने नाही, हाताने. मासे."

आता केयूरभाई पक्के जैन. कांदासुद्धा न खाणारे. "मासे मी कमिटीला नाय सांगत," ते म्हणाले. "भोजन सांगतो. चालेल?"

नितेश हसला. घरात किती तरी दिवसांनी कोणी तरी हसलं होतं, आणि ते एका परक्या माणसामुळे, याचा वनमालेला थोडा रागही आला.

ट्रस्टने थेरपी मंजूर केली आणि सपना येऊ लागली. सपना रामटेके, मूळची भंडाऱ्याकडची, राहायला कांजूरला. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. वनमालेला तो शब्द कधी नीट म्हणता आला नाही, ती तिला 'हाताची मुलगी' म्हणायची. आधीचा फिजिओवाला कसा घाम गाळून पाय हलवायचा, त्यात काही काम दिसायचं. ही पोरगी कपड्यांचे चिमटे आणि प्लास्टिकचे पेले घेऊन यायची आणि विचारायची काय, तर दात कसे घासता, शर्ट कसा घालता, खाज आली तर काय करता. वनमालेच्या मते ही थेरपी नव्हे, बालवाडी होती.

सपनाने पहिल्याच आठवड्यात पट्ट्यात अडकवलेला चमचा आणला. नितेशने तो परत केला. "चमच्याने काटा कळतो का?" सपनाने वाद घातला नाही. ती म्हणाली, "ठीक आहे, मग पकड आणू या. तुझ्या बोटांत जोर नाही, पण मनगटात आहे. मनगट वर उचललंस की बोटं आपोआप थोडी मिटायला हवीत. अंगठा बोटाला टेकायला हवा. तीच तुझी पकड. चिमटा, रोटीचा तुकडा, मासा, सगळं त्यात येतं."

पण बोटं मिटेनात. नितेश मनगट उचलायचा, कपाळाला घाम यायचा, आणि बोटं पावसात भिजलेल्या दोरीसारखी लोंबत राहायची. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. सपना येताना हसतमुख असायची आणि जाताना विचारात. "असं व्हायला नको," ती स्वतःशीच म्हणायची. वनमाला स्वयंपाकघरातून ऐकायची आणि दुपारी तेल जरा जास्तच लावायची. पोरीच्या हातून होत नाही तर आईने तरी कसर ठेवू नये.

एकदा सपनाला सकाळी यायला जमलं नाही, ती दुपारी आली. दार उघडंच होतं. लसणाचा वास, टीव्हीवर मालिका, आणि वनमाला पलंगाच्या कडेला बसून नितेशचं मनगट मागे वळवून बोटं सपाट करते आहे. सपना चप्पल न काढताच उभी राहिली.

"काकू, हे रोज करता?"

"रोज!" वनमाला म्हणाली, ताठ मानेने. "तीन वर्षां झाली, एक दिवस चुकाक नाय. बघ, एक तरी बोट वाकडा आसा काय?"

सपना तिच्याजवळ बसली. तिने स्वतःचा हात सैल सोडला, मनगट वर केलं, आणि बोटं अलगद आत वळली. मनगट खाली केलं, बोटं उघडली. "हे बघा. मी बोटं हलवत नाहीये. आतल्या शिरा तेवढ्याच लांबीच्या आहेत, मनगट उचललं की त्या ओढल्या जातात. नितेशची पकड त्या ओढीतून येणार होती. मनगट मागे धरून तुम्ही बोटं रोज ताणलीत, त्या शिरा सैल पडल्या. काकू, त्याची बोटं थोडी वाकडीच राहायला हवी होती."

वनमालेला आधी अर्थ कळला नाही. मग कळला.

"म्हंजे पोराचो हात मी घालवलंय?"

"सगळा नाही," सपना म्हणाली. "थोडा." खोटा दिलासा देण्याची तिला सवय नव्हती. "आजपासून ताणायचं नाही. बोटं मिटून ठेवायला मी पट्टी देते, रात्री बांधायची. ओढ पुन्हा येईल, पण वेळ लागेल."

नितेशला वातावरण हलकं करायचं होतं. "आये, सरळ बोटाने तूप निघत नाही, हे तूच तर शिकवलंस मला," तो म्हणाला. ही म्हण आपण आयुष्यभर वापरतो, दुकानदाराला दम देताना, पोराला शहाणपण शिकवताना, आणि ती बोटांविषयी आहे हे कधी लक्षातही घेत नाही. वनमाला हसली नाही. ती उठून मोरीत गेली, तेलाची वाटी उपडी केली आणि नळ सोडून रडली, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. तिने आजवर कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते नेमकं याचं, आणि मायेने, रोजच्या रोज.

पुढचे दिवस तिला फार जड गेले. दुपार झाली की हात काही तरी शोधायचे. सपनाने आणखी एक शिक्षा दिली. नितेश जेवायला बसला की त्याला मदत करायची नाही. तो चपातीचा तुकडा उचलायचा, तो पडायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा पडायचा. ताटाबाहेर, मांडीवर, खाली. वनमालेचा हात आपोआप पुढे जायचा. "काकू, हात मांडीखाली घ्या," सपना म्हणायची. आणि ही बाई, जिने अख्ख्या सोसायटीची मेथी निवडली होती, ती स्वतःच्या मांडीखाली हात दाबून मुलगा उपाशी राहतो की काय ते बघत बसायची. पोट भरलं नाही असं वाटलं की सपना गेल्यावर गुपचूप भरवायचीही. नितेश एकदा तिच्यावर खेकसला, तेव्हा तेही थांबलं.

सहा महिने संपले. केयूरभाई पुन्हा आले. नितेशला तोवर चिमटा धरता येत होता आणि चपातीचे चार तुकडे उचलले तर एक तोंडापर्यंत पोहोचत होता. केयूरभाईंनी शांतपणे पाहिलं. "मेहनत दिसते," ते म्हणाले. "पण सहा महिने झाले. कमिटी मला विचारणार, फरक काय? दुसरे पण लोक रांगेत आहेत ना. थेरपीमधे काय प्रॉब्लेम होता?"

सपना बोलायला लागली, आणि मध्येच थांबली. वनमालेकडे तिने पाहिलंही नाही.

माधुरीने कालच कानमंत्र दिला होता, की सांगा थेरपिस्ट नीट येत नव्हती, दुसरी देतील, सहा महिने परत मिळतील. तसं खोटं बोलण्याला वनमालेची तत्त्वतः हरकत नव्हती. टीव्हीवर चादर टाकणारी बाई ती. शिवाय खरं सांगितलं तर हा माणूस म्हणेल, आईच हात बिघडवते आहे, तर आम्ही पैसे का घालायचे? पैसे बंद झाले असते तर नितेशच्या घासाचा प्रश्न तिच्याबरोबर स्मशानापर्यंत गेला असता. हे सगळं तिला कळत होतं. समोर ती पोरगी मान खाली घालून बसली होती, दुसऱ्याचा दोष अंगावर घ्यायला तयार.

"त्या पोरीची काय एक चूक नाय," वनमाला म्हणाली. आवाज चढला, कारण तो चढवल्याशिवाय निघत नव्हता. "ती शिकवी आणि मी मोडी. रोज दुपारी तेल लावून मीच त्येची बोटां सरळ केलंय. माका ठावक नव्हता. आता ठावक आसा. आता मी हात लावणंय नाय. तुमका बंद करूचा तर करा, पण ह्या पोरीचा नाव खराब करू नकात."

नितेशने आईकडे पाहिलं. आईने चूक कबूल केलेली त्याने जन्मात प्रथमच पाहिली होती, आणि त्याला तिची इतकी कीव आली की त्याने मान वळवली.

केयूरभाईंनी बराच वेळ चष्मा पुसला. "मावशी, मी किती घरी जातो. घरचे लोक बोलतात, आम्ही सगळं बरोबर केलं, तुमचा माणूस खराब. असं उलटं मला कोणी नाय बोललं." मग ते म्हणाले, "मी कमिटीशी झगडतो. अजून सहा महिने." आणि झगडले असावेत, कारण मंजुरी आली.

त्या दुसऱ्या सहामाहीत चमत्कार वगैरे काही झाला नाही. शिरांना ओढ यायला लागली, सावकाश. रात्री बांधलेल्या पट्टीने बोटं आत वळू लागली, आणि पाहुणे चुकचुकू लागले, "हात वाकडे झाले गं पोराचे." वनमाला त्यांना ठणकावून सांगायची, "होय. तसेच व्हये." पण नितेशच्या ताटातले काटे अजून तीच काढायची. चपाती ठीक, भाजी ठीक, मासा मात्र तिने सोडला नव्हता. काटा घशात अडकला तर खोकून बाहेर काढायची ताकद त्याच्या छातीत नव्हती, आणि ही भीती सपनालाही खोटी म्हणता येत नव्हती. सपना दोघांना एकत्र बसवून शिकवायची, लहान घास, मान पुढे, काटा अंगठ्याने चाचपायचा, घाई नाही. वनमाला सगळं ऐकायची आणि शेवटी बांगडा स्वतःच सोलायची.

मग तिचं पोट दुखलं, ते या वेळी थांबेना. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करणं भाग होतं. बदलापूरहून मुलगी दिशा राहायला आली. सकाळी ती नितेशचं आवरून त्याला खुर्चीत बसवायची आणि कामावर जायची. दुपारचं ताट माधुरी देणार होती. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या वनमालेने माधुरीचा हात धरला. "त्येका भरव गो. काटे नीट काढ. तो नाय म्हणात, तू ऐकू नको."

वॉर्डात तिला टाके दुखले ते दुखलेच, पण दर दुपारी जेवणाची गाडी आली की तिचा घास अडायचा. तिकडे ताटासमोर काय चाललं असेल, एवढंच डोळ्यांपुढे. फोन केला की नितेश म्हणायचा, "जेवलो." जेवलो तर काय, उपाशी पोरंही आईला जेवलोच म्हणतात.

सोडलं त्या दिवशी जावई तिला रिक्षाने घेऊन आला, दारापर्यंत पोहोचवलं आणि औषधं आणायला गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. ती हळूच आत आली आणि जागच्या जागी थांबली.

नितेश खुर्चीत, टेबलाशी, तिच्याकडे पाठ करून थोडा तिरका बसला होता. समोर ताट. माधुरीचा पत्ता नव्हता. ताटात भात, कालवण आणि अख्खा तळलेला बांगडा. वनमालेच्या तोंडून हाक निघणार होती, ती तिने गिळली. पुढे जायला पाय उचलला, टाक्यांत कळ आली, आणि तिने चौकट धरली.

त्याने मनगट उचललं. बोटं आत वळली, अंगठा शेजारच्या बोटाला टेकला आणि मधे माशाचा तुकडा आला. तो पडला. त्याने पुन्हा उचलला. तोंडाकडे नेला नाही. ताटावर ठेवून अंगठ्याने तो चाचपत राहिला, एखाद्या आंधळ्याने नाणं ओळखावं तसा. काटा सापडला. तो ओढला, निसटला, परत ओढला, काढला. मग तुकडा उचलला, मान पुढे केली आणि खाल्ला. चावला. गिळला. अंगावर भाताची शितं, शर्टावर कालवणाचा मोठा डाग, चाकाखाली सांडलेलं. इतका वेळ एका घासाला लागला की वनमालेने त्या वेळात तीन डबे भरले असते. ती हलली नाही. ताटाच्या कडेला काढलेल्या काट्यांचा एक लहानसा ढीग झाला होता.

पुढच्या घासाला त्याची नजर दाराकडे गेली. "आये? कधी आलीस?"

"कोणी भरवल्यान तुका चार दिस?"

"कोणी नाही. माधुरीवहिनी पहिल्या दिवशी बसली होती भरवायला. मी तिला म्हटलं, समोर बस, खोकलो तर पाठीत मार, पण ताटाला हात लावू नकोस. दोन दिवस बसली. काल म्हणाली, मला बोअर होतं रे, हाक मार लागलं तर. भिंतीपलीकडेच आहे ती."

वनमाला खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. पदर न लावता, आवाज न दाबता. तिला आनंद झाला होता, आणि आनंदाच्या तळाशी काही तरी रितं झालं होतं, आणि दोन्ही खरं होतं. नितेशने तिला रडू दिलं. पोरगं शहाणं होतं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, ताटाकडे एकदा पाहिलं आणि एक लांब श्वास सोडला.

"आता मी मराक मोकळी," ती म्हणाली.

"मर," नितेश म्हणाला. "पण आधी जेवून घे."